शब्दांच्या गांवीं : ‘शिग्राम’ आणि त्याचे सोबती

इंग्रजी भाषेस वाघिणीचें दूध म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. परंतु आपल्या घरांतून हें दूध मुलांस ज्या रीतीनें पाजलें जातें, तिच्यांत दुधाचा गोडवा कमी आणि वाघिणीचें भय अधिक असतें. शब्दांचे अर्थ पाठ करा, स्पेलिंगें दहा दहा वेळां लिहा, परीक्षेस कोणता उतारा येईल याचा अदमास घ्या, आणि परीक्षा संपतांच सारें विसरून जा, हा क्रम आजोबांच्या वेळीं होता, वडिलांच्या वेळीं होता आणि नातवाच्याहि वेळीं आहे. फरक इतकाच कीं, आजोबा ही शिक्षा मॅट्रिकसाठीं भोगीत आणि नातू ती नोकरीच्या मुलाखतीसाठीं भोगतो. भाषा ही पोटाची सोय आहे हें खरें. परंतु ती केवळ पोटाचीच सोय आहे असें मानणारा मनुष्य आंब्याच्या झाडाकडे सरपण म्हणून पाहतो असेंच म्हटलें पाहिजे.

आम्हां गोदाकांठच्या लोकांकडे तर इंग्रजी उशिरां आणि आडवाटेनें आली. ताडकळस, पूर्णा, परभणी हा सारा मुलूख १९४८ सालच्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा उर्दू, तिच्या आधीं फारशी. १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतसुद्धां शिक्षणाचें माध्यम उर्दूच. घरांत मराठी, देवघरांत संस्कृत, कचेरींत उर्दू आणि जुन्या दप्तरांत मोडी, अशा चार चुलींवर ज्या घराचा स्वयंपाक चालत असे, तेथें इंग्रजीची पांचवी चूल पेटली ती आगगाडीच्या कोळशानें. १९०० च्या सुमारास मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंत गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली, आणि ठेसन, शिंगल, तिकीट, लाईन, गार्ड हे शब्द शाळेचें तोंड न पाहिलेल्या माणसांच्या जिभेवर येऊन बसले. त्यांचें व्याकरण कोणीं शिकविलें नाहीं, त्यांवर परीक्षाहि कोणीं घेतली नाहीं; आणि म्हणूनच बहुधा ते कायमचे राहिले.

आजवर या सदरांत आपण बहुतेक मराठी शब्दांच्याच घराण्यांची विचारपूस केली. या महिन्यांत जरा शेजारच्या वाड्यांत डोकावण्याचा विचार आहे. परीक्षेचा धाक बाजूला ठेवून इंग्रजीच्या जुन्या माळ्यावर चढलें, तर तेथें धूळ खात पडलेल्या वस्तु पाहून लहानथोर सर्वांचीच करमणूक होते. आणि खाली उतरतांना कधीं कधीं आपल्याच घरची एखादी हरवलेली वस्तु हातीं लागते.

प्रथम ‘मम्प्सिमस’ हा शब्द घ्या. ख्रिस्ती उपासनेच्या लॅटिन पाठांत ‘सुम्प्सिमस’ असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ ‘आम्हीं ग्रहण केलें’ असा. एक अल्पशिक्षित पाद्री वर्षानुवर्षें त्याच्या जागीं ‘मम्प्सिमस’ म्हणत असे. कोणीं चूक दाखविली तेव्हां तो उत्तरला कीं, इतकीं वर्षें जें म्हणत आलों तें तुमच्या नव्या शब्दासाठीं मी सोडणार नाहीं! ही कथा इरॅस्मस या प्रसिद्ध पंडितानें १५१६ सालच्या एका पत्रांत लिहिली, आणि तेव्हांपासून चूक कळल्यावरहि तिला कवटाळून बसणाऱ्या मनुष्यास, व अशा कवटाळलेल्या चुकीसहि, हें नांव मिळालें. आपल्याकडे ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा एक स्वर चुकला म्हणून यज्ञाचें फळ उलटें झालें, अशी कथा परंपरेनें जपली आहे. चुकलेल्या उच्चाराचें फळ आपल्या पूर्वजांनीं भयानें सांगितलें, इंग्रजांनीं हंसत सांगितलें. परंतु दोघांनींहि तें सांगण्याजोगें मानलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. घरोघरच्या आरत्यांतून किती ‘मम्प्सिमस’ सुखानें नांदत आहेत याची मोजदाद वाचकांनींच करावी.

दुसरा शब्द उच्चारावयास जरा अवघड आहे : ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’. अपेलीझ नांवाचा एक ग्रीक चित्रकार आपलें चित्र लोकांपुढें मांडून आपण पाठीमागें लपून बसे आणि लोक काय बोलतात तें ऐके. एका चांभारानें चित्रांतील वहाणेंत दोष काढला. चित्रकारानें तो निमूटपणें सुधारला. दुसऱ्या दिवशीं चांभारास चेव आला आणि तो चित्रांतल्या पायास नांवें ठेवूं लागला. तेव्हां अपेलीझ बाहेर येऊन म्हणाला कीं, चांभारानें वहाणेच्या वर जाऊं नये. लॅटिनांत वहाणेस ‘क्रेपिडा’ म्हणतात. त्यावरून ‘वहाणेच्या पलीकडे जाणारा’ म्हणजे आपल्या माहितीच्या बाहेर मत ठोकून देणारा, असा हा शब्द हॅझलिट या निबंधकारानें १८१९ सालीं एका टीकाकारावर सोडला. आपल्याकडचा ‘उंटावरचा शहाणा’ याचाच मराठी मावसभाऊ. लग्नाच्या बैठकींत, आजाऱ्याच्या खाटेपाशीं आणि निवडणुकीच्या दिवसांत पारावर हे दोघे भाऊ हातांत हात घालून हजर असतात.

‘क्विडनंक’ हा त्यांचा शेजारी. लॅटिनांत ‘आतां काय?’ या प्रश्नाचें जें रूप, तेंच उचलून अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं ज्याला त्याला ‘काय नवीन?’ म्हणून विचारीत हिंडणाऱ्या मनुष्यास तें नांव दिलें. ‘स्लगाबेड’ म्हणजे उशिरांपर्यंत अंथरुणांत लोळणारा. हा शब्द शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ मध्यें आहे, आणि सुट्टींत घरीं आलेल्या कॉलेजच्या मुलांस हांक मारण्यास अतिशय सोयीचा आहे. ‘गाँगूझलर’ म्हणजे कालव्याच्या कांठीं उभा राहून पाणी आणि होड्या पाहत तासचे तास घालविणारा निरुद्योगी मनुष्य. हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील कालव्यांवरच्या नावाड्यांच्या बोलींतून छापील पुस्तकांत आला. पैठणच्या धरणापासून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा आपल्या परभणी जिल्ह्यांत आला, तेव्हां त्याबरोबर पाणी आलें, ऊंस आला, आणि पुलाच्या कठड्यास टेकून उभे राहणारे गाँगूझलरहि आले. फक्त त्यांस आपलें इंग्रजी नांव ठाऊक नव्हतें इतकेंच.

या सर्वांत मधुर शब्द मात्र निराळाच आहे. १६२३ सालीं हेन्री कॉकरॅम नांवाच्या गृहस्थानें कठिण इंग्रजी शब्दांचा एक लहानसा कोश काढला. त्यांत ‘अॅप्रिसिटी’ असा एक शब्द असून त्याचा अर्थ हिवाळ्यांतील उन्हाची ऊब, असा दिला आहे. शब्द मोठा गोड. परंतु इंग्रजी बोलण्यांत तो कधीं रुळला नाहीं. त्या देशांत मुळीं वस्तूच दुर्मिळ, तेव्हां शब्द पडून राहिला तर नवल नाहीं. आपल्याकडे वस्तु मुबलक. पौष महिन्यांत सकाळीं माळवदावर गोधड्या पसरून त्यांच्या शेजारीं बसलेल्या आजीस, काय करतेस, असें विचारलें तर ती म्हणते, ‘ऊन खातें आहें.’ इंग्रजास जेथें लॅटिनांतून एक नाम उसनें आणावें लागलें आणि तेंहि पचलें नाहीं, तेथें मराठीनें घरचें साधें क्रियापद घेऊन उन्हाचा घांस केला.

कोणी म्हणेल कीं, असे शब्द केवळ कोशांत असतात, व्यवहारांत त्यांचा उपयोग काय? त्यास उत्तर असें कीं, कोशांतहि सगळेच शब्द खरे असतात असें नाहीं! वेब्स्टरच्या सुप्रसिद्ध अमेरिकन कोशाच्या १९३४ सालच्या आवृत्तींत ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ ‘घनता’. वास्तविक पदार्थविज्ञानांत घनता दर्शविण्यासाठीं ‘डी’ हें अक्षर मोठें किंवा लहान वापरावें, अशी सूचना एका चिठ्ठीवर होती. तीं तीन पदें कोणीं एकत्र वाचलीं आणि जगांत नसलेला शब्द जन्मास आला. पांच वर्षें तो हजारों घरांतील कपाटांत मानानें राहिला. १९३९ सालीं त्यास व्युत्पत्ति नाहीं हें एका संपादकाच्या ध्यानांत आलें, तेव्हां हा बिनआईबापाचा शब्द पकडला गेला. शब्दाचें कुळ विचारावें तें याच कारणासाठीं.

आतां आपल्या अंगणाकडे येऊं. इंग्रज या देशांत आले, राहिले, आणि जातांना आपल्या भाषेच्या खिशांत येथील कितीतरी शब्द घालून घेऊन गेले. त्या शब्दांचा एक अत्यंत मनोरंजक कोश आहे. त्याचें नांवच ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरमांत छाती पिटीत ‘या हसन, या हुसेन’ असा घोष करीत जाणारी मिरवणूक गोऱ्या शिपायांनीं पाहिली, आणि त्यांच्या कानांनीं त्या आक्रोशांतून हॉब्सन व जॉब्सन हीं दोन अस्सल विलायती आडनांवें ऐकलीं! निजामी अमदानींत खेड्यापाड्यांतून निघणारे पंजे आणि सवाऱ्या यांच्या गोष्टी ज्यांनीं वडिलांच्या तोंडून ऐकल्या असतील, त्यांस या नामांतराची मौज अधिकच वाटेल. परका शब्द आपल्या तोंडाच्या सांच्यांत बसवून घेण्याच्या या खोडीस पुढें ‘हॉब्सन-जॉब्सन’ हेंच नांव पडलें. अर्थात् आपणहि या विद्येंत मागें नव्हतों. एल्फिन्स्टनचा ‘अलपिष्टन’ आणि लॉर्डचा ‘लाट’ आपल्याच वाडवडिलांनीं केला. आणि पहाऱ्यावरील गोऱ्याच्या ‘कोण येतें तेथें?’ या इंग्रजी दरडावणीचें ‘हुकुमदार’ येथील शिपायांनींच केलें.

हा कोश दोघां मित्रांनीं मिळून आरंभिला. सर हेन्री यूल हा बंगालच्या इंजिनीअर पलटणींतला, मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाचा भाषांतरकार. आणि आर्थर बर्नेल हा मद्रास इलाख्यांतला न्यायाधीश व संस्कृतज्ञ. तंजावरच्या भोसले राजांच्या वाड्यांतील संस्कृत पोथ्यांची सूचि याच बर्नेलनें केली, ही गोष्ट मराठी वाचकांस मुद्दाम सांगितली पाहिजे. १८७२ च्या सुमारास दोघांची गांठ पडली. पुढें पत्रांतून शब्द जाऊं येऊं लागले. बर्नेल १८८२ सालीं निवर्तला. यूलनें एकट्यानें काम पुरें करून १८८६ सालीं ग्रंथ छापला, आणि त्यानंतर तीनच वर्षांनीं तोहि गेला. १९०३ सालीं विल्यम क्रुक यानें दुसरी आवृत्ति काढली. तेव्हांपासून हा कोश अर्थ पाहण्यासाठीं उघडावा आणि दिवेलागण होईपर्यंत मिटूं नये, अशी त्याची कीर्ति आहे.

त्यांत आपल्या ओळखीचे किती चेहरे भेटतात पहा. जुन्या मुंबईंत भाड्यानें मिळणाऱ्या पालखीवजा बंद गाडीस ‘शिग्राम’ म्हणत. कोशकार सांगतात कीं, याचें मूळ मराठींतील व संस्कृतांतील ‘शीघ्र’. म्हणजे आपलाच शब्द साहेबाच्या घरीं जाऊन टोपी घालून परत आला, आणि ‘शिगराम’ म्हणून आपल्या दारांत उभा राहिला तेव्हां आपण त्यास परका समजलों! गाडी कितपत शीघ्र धांवे हें अर्थात् घोड्याच्या चंदीवर अवलंबून. ‘मुंगूस’ हा आपला सापाचा वैरी ‘मंगूस’ होऊन विलायतेस गेला. परंतु त्याच्या शेपटास इंग्रजी ‘गूस’ म्हणजे हंस चिकटल्यामुळें तेथें त्याच्या अनेकवचनाचा घोळ झाला. एका इंग्रजास दोन मुंगसें हवीं होतीं, पण अनेकवचन आठवेना. शेवटीं त्यानें दुकानदारास लिहिलें कीं, एक मंगूस पाठवा, आणि त्याबरोबर आणखी एक पाठवा! ही गोष्ट मुलांस सांगितल्यावर त्यांस इंग्रजी अनेकवचनाचें भय उरत नाहीं.

मुंबई इलाख्यांतील गोऱ्या अधिकाऱ्यांस इतर इलाख्यांचे गोरे ‘डक्स’ म्हणजे बदकें म्हणत, आणि त्याचा संबंध ‘बाँबे डक’शीं जोडला जातो. हें बदक म्हणजे पक्षी नव्हे. आपल्या सोंवळ्या स्वयंपाकघरांत ज्यास प्रवेश नाहीं, तो सुकविलेला बोंबील होय. आगगाडीच्या डाकेंतून तो जाई म्हणून डाकेचें ‘डक’ झालें, अशी एक उपपत्ति मोठ्या आत्मविश्वासानें सांगण्यांत येते. परंतु मुंबईस आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली, आणि हें नांव त्यापूर्वींच्या पुस्तकांत छापलेलें आढळतें. गाडीच्या आधीं डाक पोंचविणारी ही उपपत्ति अल्ट्राक्रेपिडेरियन मंडळींचीच समजावी.

‘अपर रॉजर’ हें कोणा साहेबाचें नांव वाटेल. तो आहे आपला ‘युवराज’. बंगालचा नबाब सिराज-उद्-दौला याचा त्याच टांकसाळींत ‘सर रॉजर डाउलर’ झाला. ताडकळस हें नांव घेतांच कानीं ‘ताड’ येतो. त्या ताडाची ताडी इंग्रजींत ‘टॉडी’ झाली, आणि स्कॉटलंडांत तिनें असा वेष बदलला कीं, कढत पाणी आणि साखर घातलेल्या तेथील दारूस तें नांव मिळालें. ‘पंच’ नांवाचें पेयहि पूर्वापार समजुतीप्रमाणें आपल्या ‘पांच’ वरून आलें, कारण त्यांत पांच पदार्थ पडत. पंचामृताचें असें दैव पाहून कोणाहि सात्त्विक मनुष्यास खेद होईल. त्या मानानें संस्कृतांतील ‘नारंग’ भाग्यवान. तो फारशी, अरबी असा मुक्काम करीत युरोपांत पोंचला. वाटेंत त्याचा आरंभींचा ‘न’ गळाला, आणि इंग्रजांच्या हातीं ‘ऑरेंज’ पडलें. नागपूरचा संत्रा सोलतांना ही हकीकत मुलांस अवश्य सांगावी.

परंतु या सर्व शब्दांत एक असा आहे कीं, त्यावर हंसून झाल्यानंतर मनुष्य क्षणभर गप्प बसतो. नाशिकजवळील देवळालीस गोऱ्या पलटणींची छावणी होती. हिंदुस्थानांतील नोकरीची मुदत संपलेले शिपाई घरीं परतण्यापूर्वीं तेथें बोटीची वाट पाहत. शिपाई नेणाऱ्या बोटी हिवाळ्याच्या हंगामांतच निघत. म्हणून ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडीं संपली, त्यास सारा उन्हाळा आणि सारा पावसाळा कामधंद्यावांचून तेथें काढावा लागे. ऊन, हिवताप आणि त्याहून वाईट तें रिकामपण, यांमुळें कित्येकांचीं डोकीं फिरत. देवळालीचें ‘डूलाली’ झालें, त्यास आपला ‘ताप’ जोडून ‘डूलाली टॅप’ झालें, आणि पुढें नुसता ‘डूलाली’ म्हणजे डोक्यानें भ्रमिष्ट, असा अर्थ रूढ झाला. आज इंग्लंडांत जिनें नाशिकचें नांवहि ऐकलेलें नाहीं अशी गृहिणी आपल्या वेंधळ्या शेजाऱ्यास सहज ‘डूलाली’ म्हणते. त्या हलक्याफुलक्या शब्दाच्या पोटांत घरची वाट पाहतां पाहतां भ्रमिष्ट झालेलीं माणसें आहेत, हें तिला कोण सांगणार? तें काम कोश करितो.

शब्द जपावयाचे म्हणजे काय करावयाचें, याचा धडाहि इंग्रजांपासून घेण्यासारखा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा संकल्प १८५७ सालीं सुटला, जेम्स मरे हा १८७९ पासून त्याचा संपादक झाला, आणि पहिल्या आवृत्तीचा शेवटचा भाग १९२८ सालीं छापून निघाला. मरे १९१५ सालींच गेला होता; त्यास समाप्ति पाहावयास मिळाली नाहीं. या कोशासाठीं देशोदेशींच्या साध्या वाचकांनीं पुस्तकें वाचून चिठ्ठ्या पाठविल्या : एका चिठ्ठीवर एक शब्द, तो जेथें आला तें वाक्य, आणि पुस्तकाचें नांव व साल. या हजारों वाचकांत विल्यम मायनर नांवाचा एक अमेरिकन लष्करी डॉक्टर होता. वेडाच्या भरांत १८७२ सालीं लंडनमध्यें त्याच्या हातून एका निरपराध मनुष्याचा खून झाला होता, आणि तो वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळांत आयुष्य कंठीत होता. त्या कोठडींत जुनीं पुस्तकें जमवून त्यानें वर्षानुवर्षें शब्द टिपले, आणि मरे यास नड पडेल तसतसे पुरविले. त्याच्या मनास जो काय विसांवा मिळाला तो या चिठ्ठ्यांत. योगायोग असा कीं, या मायनरचा जन्म सिंहलद्वीपांतला. त्याच बेटाच्या ‘सरेंदीप’ या जुन्या नांवावरून होरेस वॉल्पोल यानें १७५४ सालीं ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द बनविला होता. त्याचा अर्थ, एक वस्तु शोधतां शोधतां दुसरीच मोलाची वस्तु अवचित हातीं लागणें.

आपल्या मराठीचें भाग्यहि असेंच अवचित उघडलें. पेशवाई बुडाली त्या १८१८ सालीं मोल्स्वर्थ नांवाचा एक तरुण लष्करी अंमलदार सोलापुरास होता. सोळाव्या वर्षीं या देशांत आलेल्या या परक्या मुलास मराठी शब्दांचा छंद लागला. पुढें सरकारनें त्यास याच कामीं नेमलें; कँडी हे जुळे बंधु आणि कित्येक शास्त्री त्याच्या जोडीस होते; आणि १८३१ सालीं मुंबईस मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. १८५७ सालची दुसरी आवृत्ति सुमारें साठ हजार शब्दांची आहे. लोक त्यास ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत, याहून मोठी पदवी ती कोणती? त्यानें केवळ पोथींतले शब्द घेतले नाहींत. कुणब्याच्या, कारागिराच्या आणि स्वयंपाकघरांतील बायकांच्या तोंडचेहि घेतले. शंभर वर्षांनीं दाते आणि कर्वे यांनीं १९३२ ते १९३८ या काळांत ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात भाग काढून तें काम पुष्कळ पुढें नेलें. आतां शिकागो विद्यापीठानें मोल्स्वर्थचा कोश संगणकावर सर्वांस खुला केला आहे. म्हणजे ज्या मोबाइलवर घरांतील मुलें दिवसभर खेळतात, त्याच मोबाइलवर मोलेसरशास्त्री हात जोडून उभे आहेत.

असें असतांना आपल्या घरांत काय चाललें आहे? एक नातू पुण्यास, दुसरा बंगळुरास, तिसरा सातासमुद्रांपलीकडे. सुट्टींत सारीं मुलें गांवीं जमतात, आणि आजी जेव्हां ‘ढाळजेंतली सतरंजी आण’ किंवा ‘देवळींतली काडेपेटी दे’ म्हणते, तेव्हां तीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. दोष मुलांचा नाहीं. वाड्याची ढाळज पडली, भिंतींतली देवळी लिंपली गेली, मातीच्या माळवदाच्या जागीं सिमेंटचा स्लॅब आला. वस्तु गेली कीं शब्द पोरका होतो. धान्य सांठविण्याची माजघरांतली बळदें गेलीं, जमिनीखालचीं पेंवें गेलीं. मौज अशी कीं, वर्तमानपत्रांत रोज कशाचें ना कशाचें ‘पेंव फुटत’ असतें, आणि वाचणाऱ्यांतील दहांपैकीं नवांस पेंव म्हणजे धान्याचें तळघर हें ठाऊक नसतें. इंग्रजींत ‘किथ अँड किन’ या जोडींतील ‘किथ’ असाच एकटा उरलेला आहे. जोडीदाराचा हात सुटला असता तर तो केव्हांच नाहींसा झाला असता.

त्याहून अधिक हानि आहे ती निराळीच. ‘इर्जिक’ हा शब्द घ्या. एकाच्या शेतीचें काम अडलें म्हणजे गांवांतील इतरांनीं आपापलीं औतें घेऊन त्याच्या शेतांत जावयाचें, एका दिवसांत काम उरकावयाचें, आणि धन्यानें सर्वांस जेवूं घालावयाचें, ही ती चाल. ट्रॅक्टर आला, चाल मागें पडली, शब्द ओठांवरून उतरला. आतां तशा मदतीची आठवण करून द्यावयाची तर तीन वाक्यें बोलावीं लागतात. पूर्वीं एका शब्दांत काम होई. हुरड्याची ‘आगटी’, वळचणीवरून गळणाऱ्या पावसाच्या ‘पागोळ्या’, पहांटेचें ‘झुंजुमुंजु’, हे शब्द कोशांत आहेत हें खरें. परंतु ते ज्या वाक्यांत, ज्या हेलांत, ज्या चेष्टेंत बोलले जातात, तें आजीबरोबरच जातें. आणि आजी कोणासाठींहि दुसरी आवृत्ति काढीत नाहीं.

म्हणून या सदराची वाचकांस एक विनंति आहे. घरांत एक कोरी वही घालावी आणि ती देवघरापाशीं अगर जेवणघरांत सर्वांच्या हातास लागेल अशी ठेवावी. दर रविवारीं डाव्या पानावर एक विलक्षण इंग्रजी शब्द मुलांनीं लिहावा आणि उजव्या पानावर घरांतील वडील माणसाचा एक जुना शब्द. मरे यानें घालून दिलेला नियम मात्र पाळावा : शब्द, त्याचा अर्थ, तो कोणाच्या तोंडचा, कोणत्या वाक्यांत आला, आणि तारीख. आजीनें ‘मम्प्सिमस’ ऐकून खुदकन् हंसावें, नातवानें ‘इर्जिक’ ऐकून प्रश्न विचारावा, आणि सुनेनें आपल्या माहेरच्या गांवचा तिसराच शब्द मध्यें घालावा. कारण एका घरांत चार गांवच्या सुना येतात, तेव्हां त्या घरांत चार गांवचे शब्दहि आलेले असतात, आणि त्यांची नोंद सहसा कोणीं घेत नाहीं. जो मुलगा परगांवीं असेल त्यानें आपलें पान पत्रानें किंवा मोबाइलवरून पाठवावें. एकच पथ्य : या वहीवर परीक्षा घेऊं नये.

पुढील अंकासाठीं तीन इंग्रजी शब्द देऊन ठेवतों : ‘कॉट’, ‘चिट’ आणि ‘डंगरी’. तिघांच्याहि अंगांत या देशाचें रक्त आहे. पहिल्यावर आपण निजतों, दुसरी आपण लिहितों, आणि तिसऱ्याचें मूळ शोधण्यासाठीं मुंबईच्या जुन्या किल्ल्याबाहेर एक चक्कर मारावी लागेल. उत्तरें पुढील महिन्यांत. तोंपर्यंत घरांतील वडील माणसांपाशीं बसून निदान पांच शब्द तरी टिपून ठेवावे.

— कोशकीटक, ताडकळस